तळ्यात बसवलेलं चाक

टिटवीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की अंड्यांखालचा खडा ओला लागत होता. कोरड्या ओढ्यात ओल कुठून आली?

प्राणी पाणचक्कीवर नाचणी दळत, तेव्हाची ही गोष्ट. ओढा उतारावरून यायचा, चाक फिरवायचा आणि तळ्यात जायचा. एकदा खेकडेमामांनी पाहिलं, की वारा नसतानाही तळ्याचं पाणी थरथरतं. "हे बळ कधी सरायचं नाही," असं म्हणत त्यांनी चाक तळ्यात बसवलं आणि वर चिखलाचा बांध घालून ओढा अडवला. कोरड्या पात्रात टिटवीने चार अंडी घातली.

आता तो बांध पाझरत होता. फुटला तर अंडी गेलीच.

"मामा, बांध पाझरतोय! धावा!"

"आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी तू! इकडे बघ, चाक हलतंय."

"हलतंय, पण फिरतंय कुठे? जेवढं पुढे, तेवढंच मागे."

"पाण्यात बळ आहे की!"

"असेल हो. पण तळं सगळ्यांत खाली. तिथून पाणी उतरणार कुठे?"

सकाळपासून दळणाला बसलेली खारूताई अख्खेच दाणे चावत निघून गेली.

बांधाचं एक ढेकूळ घसरलं. टिटवी अंड्यांवर पंख पसरून बसली आणि ओरडत राहिली. ती नेहमीच ओरडायची, म्हणून कुणी मान वर केली नाही.

शेवटी बांधावरून मामांचा आवाज आला, "आलो गं! कडेच्या उतारावरून नवा पाट खणतो, अंडी कोरडी राहतील. आणि चाकही तिकडेच आणायला सांग कुणाला तरी."