मासोळी आणि मळका स्पंज

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस गावात नवीन होती, तेव्हाची ही गोष्ट. गेनबाने पेटीत वाळू भरून पाणवेली लावल्या, एक तांबडी मासोळी सोडली आणि पाणी गाळायला जुना स्पंज ठेवला. मासोळीला त्याची किळस यायची.

“मेल्या, आंघोळ कर की!”

“बाई, तुझी घाण खाणारे जीव या मळातच राहतात,” स्पंज म्हणाला.

मासोळी रुसली. अन्नाला तोंड लावीना. गेनबा नवशिका, त्याला वाटलं मळक्या स्पंजाचाच हा दोष; त्याने स्पंज उकळून पांढराशुभ्र केला.

तिसऱ्या दिवशी पाणी नासलं. मासोळीचा जीव घुसमटला. ती वर येऊन धापा टाकू लागली. घाबरलेल्या गेनबाने शेजारणीच्या सल्ल्याने तिच्या पेटीतला मळका स्पंज मागून आणला आणि आत सोडला.

मासोळी लगबगीने बाजूला सरली. “या पाहुणे, बसा. आंघोळीची मुळीच घाई नाही!”