अँग्झायटीचा अर्थ

दाभोळच्या बायकांना इंग्रजी शिकवायला आलेले कारखानीस सर तोऱ्यात म्हणाले, "अँग्झायटी म्हणजे साधी काळजी नव्हे, आतून पोखरणारी. तुमच्या बोलीत एवढं खोल काही नाहीच. आहे का?"

जहाजावरच्या खलाशाची बायको शेवंता उठली. "सर, आमच्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आमचे हे तसंच म्हणून गेले. तेवढ्या शब्दावर गेल्या शिमग्यापासून मी दाराला आतून कडी लावलेली नाही."

"ही तर अडाणी समजूत!" सर हसले. तास संपला. पिशवी उचलून ते दारातून सवयीनं म्हणाले, "बरंय, येतो."

"या, सर," शेवंता हळूच म्हणाली. "असं म्हणायला आईनं शिकवलं असेल ना? त्यांना इंग्रजी येत होतं?"