चौथी बादली

“...मग नव्वद दिवसांत चूक कुठं झाली, ते तरी सांगा, अक्का.”

अक्का ऋत्विजची नोंदवही चाळत होत्या.

अक्का म्हणजे डॉक्टर वत्सला तिरोडकर. खाडीच्या मुखाशी विद्यापीठाचं दोन खोल्यांचं कौलारू सागर-केंद्र होतं, ते त्या सांभाळायच्या. समुद्राचा अभ्यास करायला पोरं लांबून त्यांच्याकडे येत. पण आता निवृत्ती जवळ आली होती. एकच विद्यार्थी घेता येणार होता, शेवटचा.

तो आपणच असावं, असं ऋत्विज मांजरेकरच्या मनात होतं. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिला आलेला. दोन मोठ्या संस्थांनी बोलावलं, तर ती दोन्ही दारं त्यानं आपल्याच हातानं लावून घेतली होती. पीएच.डी.च्या अर्जावर आज पाच वाजेपर्यंत अक्कांची सही झाली तर झाली. नाहीतर वर्ष तर जाईलच, अक्काही हातच्या जातील.

पहिल्यांदा तो अर्ज घेऊन आला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “नव्वद दिवस रोज सकाळी सातला धक्क्यावरून बादली सोड. पाण्याचं तापमान घे. लिही. मग बघू.”

त्याला हसूच आलं होतं. उपग्रह साऱ्या समुद्राचं तापमान मोबाइलवर आणून देतो, आणि इथं दोरी-बादली! पण नेम म्हटला की नेम. गणपती गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं सुरुवात केली. एखादीनं चातुर्मास पाळावा तसा पाळला. अंगात ताप होता त्या दिवशीही गेला. वही पुढे करताना मान जरा ताठ होती त्याची. का नसावी?

पानं उलटता उलटता अक्का एका जागी थांबल्या.

“घटस्थापनेच्या आदल्या दिवशी किती आहे हे?”

“अठ्ठावीस पॉइंट चार.”

“त्या सकाळी रापणीचं जाळं ओढणारे कुडकुडत पाण्याबाहेर आले होते. खालचं गार पाणी वर आलं होतं.”

“त्यांना वारा लागला असेल, अक्का. माझ्याकडे थर्मामीटर होता.”

“आणि थर्मामीटरनं अठ्ठावीसच दाखवलं?”

“हो. म्हणजे... चौथ्या बादलीला.”

“पहिल्या तीन?”

“त्या चुकल्या होत्या. पंचवीस, साडेपंचवीस, असलंच काहीतरी येत होतं. पण मी सोडतोय होय! पुन्हा पुन्हा काढली. चौथी बादली जरा धक्क्यावरच ठेवून दिली. मध्येच ऊन पडलं, तेव्हा कुठं बरोबर आकडा आला.”

“बरोबर म्हणजे?”

“उपग्रहाशी जुळला.”

“तो कधी बघायचास? बादली सोडायच्या आधी, का नंतर?”

“आधी. म्हणजे चूक झाली तर तिथल्या तिथं कळावी.”

अक्कांनी वही मिटली.

“तो सगळा आठवडा आभाळ भरलेलं होतं, बाळा. ढगांखालचा समुद्र तुझ्या उपग्रहाला दिसलाच नव्हता. त्यानं मागच्या आठवड्यावरून अंदाज टाकला होता.”

बादलीजवळ आपण किती धीरानं बसलो होतो, ते ऋत्विजला आठवलं. काटेकोरपणा म्हणतात तो हाच, असं तेव्हा वाटलं होतं.

“खोटं नाही लिहिलं मी, अक्का.”

“नाहीच लिहिलंस.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं. त्यानं टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. अक्कांनी पाहिलं नाही. वही आणि अर्ज दोन्ही उचलून त्या धक्क्याकडे चालू लागल्या. तो मागोमाग गेला.

धक्क्याच्या पायऱ्यांवर मासेवाली शेवंता बांगडे निवडत बसली होती. तिनं टोपली सरकवून वाट करून दिली.

“बूट काढ,” अक्का म्हणाल्या. “उतर खाली.”

ऋत्विज खालच्या पायरीवर उतरला. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

“गे बाय!” शेवंता हसली. “तीन म्हयने बादलीच बुडयली ह्येनी. झिलाचे पाय आज भिजले!”

अक्काही हसल्या. मग विचारलं, “गार आहे की कोमट?”

ऋत्विजचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

मोबाइल अर्धा बाहेर आला, तेव्हा कुठं आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं वर पाहिलं. अक्का त्या हाताकडेच बघत होत्या. शेवंताही.



त्यानं मोबाइल खिशात परत टाकला. डोळे मिटले. एक लाट आली, गेली. दुसरी आली. पायरीवर साचलेली वाळू पायाखाली थोडी सरकली. मघाशी गार वाटलं होतं. आता तसं वाटत नव्हतं. घोट्याशी एक, पोटरीशी वेगळंच. का तोही भासच होता? त्यानं फार वेळ लावला. पाच वाजायला आले असतील, हे मनात आलं आणि गेलं.

“सांग ना.”

त्यानं पाय पाण्यात जरा हलवून पाहिला.

“ऋत्विज?”

“सांगता येत नाही, अक्का.” आवाज बारीक झाला होता त्याचा. “आधी एक वाटलं, मग दुसरं वाटायला लागलं. मला... नाही सांगता येत.”

झालं, त्याच्या मनानं घेतलं. एवढं शिकून पाणी गार की कोमट हे ज्याला सांगता येत नाही, त्याला कोण घेणार? तो मान खाली घालून पायऱ्या चढू लागला.

वरच्या पायरीवर अक्कांनी अर्ज गुडघ्यावर धरला होता. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद त्याच्या हातात दिला.

तो बघतच राहिला. “अक्का, पण मला तर साधं उत्तरसुद्धा...”

अक्कांनी वहीचं कोरं पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

“आत्ता जे बोललास, ते इथं लिही. नोंद क्रमांक एक.”