पलीकडच्या लेकीचा दिवा

पुष्कळ पावसाळ्यांमागची गोष्ट. उंबरकडा नावाच्या डोंगरावरच्या वाडीत कोंडाजी नावाचा पाटकरी राहत होता. ओढ्याचं पाणी पाटाने शेताशेतात सोडायचं, हे त्याचं काम. बायको लवकर गेली होती. एकुलती एक लेक ठकू त्याने समोरच्या डोंगरावर दिली होती. मधे एवढी खोल दरी, की उतरून, नदी ओलांडून, वर चढेपर्यंत दिवस सरायचा. पण अंगणातून पलीकडची घरं दिसायची.

एकदा माहेरी आली तेव्हा ठकू म्हणाली, "बा, दिवसा कामातून मान वर होत न्हाई. सांजेला बघते, तर तुझ्या बाजूला नुसता काळोख. वाटतं, माहेर हाय का न्हाई?"

ते कोंडाजीच्या काळजात रुतलं.

पुढे ओढ्यावर वीज करणारं यंत्र आलं. वाडीने ते बांबूला बांधून खांद्यावरून चढवलं. पाटाचं पाणी चाकावर पडलं की वीज व्हायची. घरटी एक दिवा मिळाला. चाकावर पाणी सोडायचं दार उघडण्याचं काम कोंडाजीकडे आलं. त्याने आपला दिवा घरात लावला नाही. कड्यावरच्या ऐनाच्या झाडाला टांगला.

शेजारचा भिवा हसला. "कोंडाजी, झाडाला शाळंत घातलंस काय, रातच्या अभ्यासाला दिवा दिलास?"

"झाडाला न्हाई रं. पल्याड लेक उभी असती."

मग कुणी हसलं नाही. पलीकडे बऱ्याच घरच्या लेकी होत्या.

उन्हाळ्यात ओढा करंगळीएवढा व्हायचा. कोंडाजी दिवसभर माती आणि पळसाची पानं लावून डोहात पाणी अडवायचा. सांजेला वाडी घरातले दिवे बंद ठेवायची, म्हणजे तेवढ्या पाण्यावर झाडावरचा दिवा भात शिजेपर्यंत तरी जळायचा. एका वर्षी ओढा पार आटला. कोंडाजी कोरड्या डोहाशी बसून राहिला. असं म्हणतात, त्याच्याकडे बघून खडकाला घाम फुटला आणि रोज सांजेपर्यंत डोह भरू लागला.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी कोंडाजी डोहाच्या काठावर आडवा झाला, तो उठला नाही. डोह काठोकाठ भरलेला होता.

सांज झाली. भिवा डोळे पुसत म्हणाला, "आज दिवा न्हाई दिसला तर पोरगी रातच्याला दरीत उतरंल. लावू या. सकाळी जाऊन सांगू." त्याने दार उघडलं. दिवा लागला.

सकाळी भिवा आणि आणखी माणसं निरोप घेऊन उतरली, तर नदीवरच त्यांना ठकू भेटली. पाय ठेचांनी भरलेले.

"तुला कुणी सांगितलं गं?" भिवाने विचारलं.

"कुणी न्हाई. बा दार हळू उघडायचा. दिवा आधी निखाऱ्यावानी लाल व्हायचा, मग पिवळा. काल एकदम भडकला. म्हणलं, दारावर माझ्या बाचा हात न्हाई."

भिवा तिथेच वाळूत बसला.

असं म्हणतात, ठकू पुन्हा पलीकडे गेली ती म्हातारी होईपर्यंत रोज सांजेला अंगणात यायची. आता तीही नाही.

उंबरकड्यात अजूनही सगळ्यांत आधी ऐनावरचा दिवा लागतो, घरातले मागून. पाण्याच्या दाराशी जो असेल, तो "कोंडाजीच्या हातानं" असं म्हणून हात लावतो. पलीकडे कुणी उभं आहे की नाही, ते इथून दिसत नाही. तरी दार हळूच उघडतात.