चूक आणि मैत्री

वेंगुर्ल्याच्या मुलींच्या शाळेत तपासणीला इंग्रज साहेब आले. इंग्रजीचा धडा शिकवताना शिक्षिका अनसूयाबाई ‘चूक करणे’ यासाठी ‘डू’ हे क्रियापद वापरून गेल्या. साहेब मुलींदेखत हसले.

“बाई, इंग्रजीत चूक ‘डू’ करत नाहीत, ‘मेक’ करतात! अशी शाळा बंदच करायला हवी.”

मुलींचे चेहरे उतरले. बाईंनी मनापासून हात जोडले. “चूक दाखवलीत, आभारी आहे. पण साहेब, मैत्रीला कोणतं क्रियापद?”

“तिथेही ‘मेक’च.”

“मग चूक मी ‘मेक’ केली, मैत्री तेवढी आपण ‘मेक’ करावी.”

साहेबांचा चेहरा खुलला. “बाई, तुमची शाळा चालू राहील,” म्हणत त्यांनी टोपी काढली. बाई पुढे आयुष्यभर त्यांचं नाव कृतज्ञतेनं घेत राहिल्या.