साळूचं बंद दार

फार जुन्या काळी एका टेकडीत काटेरी अंगाची एक म्हातारी साळू राहत असे. दोन वर्षं खपून तिने सात बिळं खणली आणि त्यांत रानातल्या सगळ्यांसाठी निरनिराळ्या औषधी मुळ्या साठवल्या. खणताना कोणी आत येऊन चेंगरू नये म्हणून तिने दाराशी सरड्याला बसवलं आणि बजावलं, "कुणालाही आत सोडू नकोस."

रानात कुठे काय मिळतं हे सगळे मुंगीला विचारत, कारण ती घरोघर फिरून पाहून येई. बिळं पुरी झाली, तरी साळूकडे कोणी फिरकलं नाही. आपल्याच मुळ्यांत काही कमी असेल, असं वाटून ती आणखी मुळ्या आणत राहिली.

एके दिवशी ओढ्यावर ससीण भेटली. तिचं पिल्लू तापाने गेलं होतं.

"तापाची मुळी माझ्याकडे होती गं," साळू म्हणाली.

"मुंगी तर म्हणाली, त्या टेकडीत काही नाही."

साळूने मुंगीला आपल्या दाराशीच गाठलं. "दर पंधरवड्याला येते मी," मुंगी म्हणाली, "पण सरडा नको म्हणतो. मग मी आत जात नाही; जे दिसलं नाही, ते नाहीच असं सांगते."

"तुम्ही मला ऊठ म्हणालाच नाहीत, आजी," सरडा म्हणाला.

रागवायचंही त्राण साळूत उरलं नव्हतं. तिने सरड्याला फक्त विषारी मुळ्यांच्या बिळापाशी बसवलं आणि कुठल्या बिळात काय आहे, त्याचा नकाशा दाराशी मातीत कोरला. तो पाहून मुंगी बिळाबिळांत फिरून आली.

"आता सांगशील ना सगळ्यांना?"

"सांगेन. पण लगेच कोण येईल? इतके दिवस इथे काही नाही, असं मीच सांगत होते."

साळूने मान हलवली आणि ती उघड्या दारात वाट पाहत बसली.