तांबडा घोडा आणि पोटातले जंत

मुलांनो, जंगलाच्या कडेला एका हिरव्यागार कुरणात एक तांबडा घोडा राहत असे. पळण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. टाप वाजली की हरणेसुद्धा माना वळवून पाहत! पण त्याला एक खोड होती. ओढ्याकाठच्या एकाच तुकड्यात तो चरायचा, तिथेच लीद टाकायचा आणि तिथलेच कोवळे गवत पुन्हा खायचा. कळपातली म्हातारी घोडी म्हणे, "बाळा, लिदीजवळचे गवत खाऊ नये. आमच्याबरोबर माळावर ये." घोडा हसून म्हणे, "हे लुसलुशीत गवत सोडून तिथे काड्या चघळू?"

पावसाळा सरला आणि नवलच झाले. घोडा दिवसभर खाई, तरी त्याच्या बरगड्या दिसू लागल्या! पोट नगाऱ्यासारखे फुगले, अंगावरची चकाकी गेली. शेपटीचे मूळ तो सारखा झाडाला घासत बसे. एका सकाळी किडे टिपणारा बगळा ओरडला, "अरे, तुझ्या लिदीत पांढरे जंत वळवळताहेत! घोडीआजीला सांग."

घोडा खवळला. "हळू बोल! कळपाने ऐकले तर माझी काय शोभा राहील?" असे म्हणून त्याने बगळ्याला हुसकावून लावले.

दोनच दिवसांनी भर दुपारी आरोळी उठली, "लांडगे! लांडगे आले!" कळप उधळला. टापांचा नुसता गडगडाट! तांबडा घोडाही धावला. पण त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि पोटात अशी कळ उठली की तो मटकन खाली बसला. लांडगे आले, अगदी जवळ आले! इतक्यात म्हातारी घोडी गर्रकन वळली. तिने अशी सणसणीत लाथ झाडली की पुढचा लांडगा चार हात लांब कोलमडला! ते पाहून सारा कळप परतला आणि लांडग्यांनी धूम ठोकली.

घोडा रडवेला होऊन म्हणाला, "आजी, माझ्या पोटात जंत झालेत. मी लाजेने लपवले."

"वेडा रे वेडा! जंत कोणालाही होतात. आधी सांगितले असतेस तर आज जिवावर बेतले नसते," घोडी म्हणाली. तिने त्याला वावडिंगाची तिखट-तुरट फळे खाऊ घातली. घोड्याने तोंड वेडेवाकडे केले, पण एकही फळ थुंकले नाही. मग तो रोज कळपाबरोबर लांब माळावर चरू लागला. हळूहळू अंग भरले, आणि एके दिवशी तो असा चौखूर उधळला की म्हातारी घोडीही आनंदाने खिंकाळली!

तात्पर्य : दुखणे सांगण्यात कमीपणा नाही, लाजेने लपवलेले दुखणे मात्र जिवावर बेतते.